रत्नागिरी ते कोल्हापूर, छापील वीस मिनिटं

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने हातातल्या फोनवर काहीतरी दाबलं आणि मला म्हणाला, "मावशी, रत्नागिरी विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ एकशे नऊ किलोमीटर. विमानाला वीस मिनिटं." तो बिचारा माझ्या जुन्या नोकरीची आठवण काढून मला खूश करायला गेला होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला इतकं बोलले की तो घाबरून आईकडे बघायला लागला. त्याची काही चूक नव्हती. पण ही वीस मिनिटं मी आयुष्यात एकदा भोगलेली आहेत, आणि चाळीस वर्षं होत आली तरी माझं डोकं त्या आकड्याने तापतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विमानतळावरच्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती आहेत, त्या सांगते. पण मी हे लिहायला बसले आहे ते गमतीसाठी नाही.

ऐंशीच्या दशकात मी सांताक्रूझला एका छोट्या विमान कंपनीत होते. छोटी म्हणजे एकोणीस आसनांची, पंख्यांची विमानं, आणि ज्या गावांना मोठी विमानं विचारत नाहीत अशी गावं. आम्ही अंधेरीला मरोळमध्ये राहायचो. वडील आधी गिरणीत, मग मरोळच्याच एका कारखान्यात. मला नोकरी लागली तेव्हा आईने अख्ख्या चाळीला सांगितलं, "आमचा चेडू विमानाच्या हापिसात आसा." चाळीची समजूत झाली की मी हवाई सुंदरी झाले. मी प्रत्यक्षात खिडकी नसलेल्या खोलीत बसून बेरजा करत होते.

त्या खोलीला डिस्पॅच म्हणत. विमान निघण्याआधी ते कुठून कसं जाणार, किती वेळ लागणार, किती इंधन लागणार आणि मग किती माणसं नेता येतील, हे कागदावर मांडायचं काम तिथे चाले. वजनाचा जो तक्ता होई त्याला लोडशीट म्हणत. लोडशीटवर डिस्पॅचरची सही झाल्याशिवाय विमान हलत नसे. डिस्पॅचर होते कांबळे साहेब आणि मी त्यांची सहायक, सहा महिने झालेली, अजून कायम न झालेली.

इतक्या छोट्या विमानात प्रवाशांचंही वजन करावं लागतं, हे लोकांना सांगितलं की अजून पटत नाही. बॅगांबरोबर माणसालाही काट्यावर उभं करायचं. पार्ल्याच्या एका बाईंनी नवऱ्यासमोर काट्यावर चढायला साफ नकार दिला. मी तबकडी भिंतीकडे फिरवली, तर नवरा वाकून तबकडी आणि भिंतीमधल्या फटीतून बघायला लागला. त्याला मी बाहेर बाकावर बसवून ठेवला. कोल्हापूरचे एक पैलवान चढले तेव्हा काटा एकशे अठ्ठावीसवर जाऊन थांबला. मी वर बघितलं तर ते नम्रपणे म्हणाले, "अजून जेवान व्हायचंय, मॅडम." वजन जास्त झालं की कुणाला तरी मागे ठेवावं लागे. तशा प्रवाशाचं नाव आणि वजन लोडशीटच्या शेवटच्या रकान्यात लिहायचं, असा नियम होता. शिव्या मात्र मला खाव्या लागत.

काटा बरोबर चालतो की नाही हे पाहायला कांबळे साहेब रोज सकाळी आधी स्वतः त्यावर उभे राहत. अडुसष्ट. उंच, सडसडीत माणूस, मूळचे नगर जिल्ह्यातले, राहायला कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये. सहा महिन्यांत तो आकडा कधी सदुसष्ट झाला नाही की एकोणसत्तर. काटा वेगळं काही दाखवायला लागला तर ते काट्याला दुरुस्तीला पाठवत, स्वतःवर शंका घेत नसत. आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो आणि ते ती खपवून घ्यायचे.

ते नेहमी पहाटेची पाळी मागून घेत. घरी आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली होती. त्यांची बायको दुपारच्या शाळेत शिक्षिका. ती बारा वाजता घरातून निघे आणि हे एकपर्यंत घरी पोचत. मधला तास शेजारीण बसे. म्हातारीला कुशीवर वळवणं, भरवणं, सगळं हे स्वतः करत. त्याचा उल्लेख ते कधी करत नसत, पण साडेबाराला त्यांना कुणी काम सांगितलं तर त्यांचा चेहरा बदलत असे. सगळं घर त्या एका पाळीवर उभं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, सागरी मैलात मोजतो. एक सागरी मैल म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त. रत्नागिरी ते कोल्हापूर एकोणसाठ सागरी मैल. आता विमान हे काही फूटपट्टी ठेवल्यासारखं या टोकावरून त्या टोकाला सरकत नाही. चाकांखालचे ठोकळे काढायचे, धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचं, उडायचं, समोर सह्याद्री उभा असतो तो ओलांडण्याइतकं वर चढायचं, पलीकडे उतरत यायचं, मैदानाला वळसा घालून वाऱ्याकडे तोंड करायचं, टेकायचं, आणि परत ठोकळे लागेपर्यंत चालत यायचं. ठोकळे काढल्यापासून ठोकळे लागेपर्यंत अडतीस मिनिटं, आकाश स्वच्छ असेल तर. ही अडतीस मिनिटं आम्ही रोज मोजलेली होती.

नवं टाइमटेबल बनवताना व्यापारी विभागाने आम्हाला विचारलं, या टप्प्याचं अंतर कळवा. कागद मी टाइप केला. 'अंतर: ५९'. पुढे काही नाही. आमच्या खोलीत अंतर म्हटलं की सागरी मैलच. भाजीवालीला 'पाव दे' म्हटल्यावर पाव कशाचा हे कुणी सांगत बसतं का? कांबळे साहेबांनी साडेबाराला, पिशवी खांद्याला लावता लावता सही केली. तिकडे व्यापारी विभागात त्या एकोणसाठचे एकोणसाठ किलोमीटर झाले. त्यांनी भागाकार केला, वर चार-पाच मिनिटं टाकली आणि छापलं: रत्नागिरी ते कोल्हापूर, वीस मिनिटं.

टाइमटेबलची पहिली प्रत आमच्या टेबलावर आली तेव्हा कांबळे साहेबांनी ती दोनदा वाचली. मग फाइलमधून माझ्या कागदाची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. मला एका क्षणात सगळं कळलं आणि मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नको. सही माझी आहे. एकक नाही हे मी बघायला हवं होतं." त्यांनी त्याच दिवशी व्यापारी विभागाच्या मॅनेजरना चिठ्ठी लिहिली की अंतर सागरी मैलात आहे, वेळ दुरुस्त करावी. मॅनेजरनी फोन करून सांगितलं की छपाई झाली आहे, पुढच्या वेळी बघू.

चूक माझी होती हे मी कधीच नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. पण चूक झाली, ती दाखवली, आणि तरीही ती छापलेली आहे म्हणून खरी मानायची, हे मात्र माझ्या चुकीत येत नाही. ते त्यांचं कर्तृत्व.

मग रोजचा तमाशा सुरू झाला. विमान रोज कोल्हापूरला अठरा मिनिटं उशिरा पोचायचं, कारण ते वेळेवर पोचणं शक्यच नव्हतं. रोज उशिराचं कारण लेखी द्यायचं. कांबळे साहेब रोज तेच एक वाक्य लिहीत: 'टाइमटेबलमधील वेळ चुकीची आहे.' वरून उत्तर यायचं की हे कारण ग्राह्य नाही, दुसरं द्या. आमचे कॅप्टन मेंडोन्सा, वांद्र्याचा मोठा मिशीवाला माणूस, एकदा वैतागून म्हणाले, "कांबळे, लिहून टाक की सह्याद्री मध्ये आला."

इथपर्यंत मी हसूनही सांगू शकले असते. पण नंतर व्यापारी विभागाचं लक्ष इंधनाकडे गेलं. रत्नागिरीला इंधन मिळत नसे. मुंबईहून निघतानाच रत्नागिरी, कोल्हापूर आणि कोल्हापूर बंद असलं तर परत फिरण्यापुरतं, असं सगळं भरून घ्यावं लागे. त्यात रत्नागिरीची धावपट्टी तेव्हा आखूड आणि दुपारचं ऊन कडक, त्यामुळे तिथून उडताना वजनाची मर्यादा घट्ट. म्हणून एकोणीस आसनं असूनही बहुतेक दिवशी आम्ही सतराच माणसं बसवायचो. मॅनेजरनी हिशेब मांडला की वीस मिनिटांच्या टप्प्याला इतकं इंधन कशाला, ते कमी करा आणि दोन प्रवासी वाढवा. दोन माणसांचं वजन म्हणजे आमच्या विमानाचं अर्ध्या तासाचं इंधन. तसा लेखी आदेश आला. कांबळे साहेबांनी त्यावर लिहिलं की अशा लोडशीटवर मी सही करणार नाही, आणि रोज पूर्वीइतकंच इंधन भरून सतराच माणसं पाठवत राहिले.

ऑक्टोबरमधला दिवस होता, परतीच्या पावसाचा. विमान रत्नागिरीहून निघाल्याचा निरोप आला आणि त्यानंतर काही नाही. अडतीस मिनिटं झाली, पन्नास झाली. ट्रंक कॉल लागत नव्हता. कांबळे साहेबांची पाळी संपली होती, घरी आई वाट बघत होती, पण ते उठले नाहीत. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. वीस मिनिटांचं विमान तासभर कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. कांबळे साहेबांनी फोन खाली ठेवला. त्यांना एवढं रागावलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

एक तास वीस मिनिटांनी रत्नागिरीहून निरोप आला. विमान परत तिथेच उतरलं होतं. घाटावर ढग चढले म्हणून कॅप्टन मेंडोन्सा दक्षिणेकडून वळसा घालून गेले, कोल्हापूरवर पोचले तर मैदान पावसात दिसेना, दोन फेऱ्या मारून पाहिल्या आणि ते परत फिरले. सतरा प्रवासी सुखरूप होते. टाक्यांत चाळीस मिनिटांचं इंधन उरलं होतं. मॅनेजरच्या हिशेबाने भरलं असतं तर दहा मिनिटांचं उरलं असतं, तेही सगळं नीट झालं असतं तर. ही वजाबाकी मी त्याच दिवशी कागदावर करून पाहिली.

तुम्हाला वाटेल की आता कुणीतरी येऊन कांबळे साहेबांची पाठ थोपटली असेल. त्यांना आरोपपत्र मिळालं. त्या दिवशी मुंबईत मागे ठेवलेल्या दोघांमध्ये कंपनीच्या एका बड्या हितचिंतकाचे जावई होते. दोन खुर्च्या डोळ्यांसमोर रिकाम्या असताना आम्हाला उतरवलं, अशी त्यांनी तक्रार केली. आरोप असा की लेखी आदेश मोडून जादा इंधन घेतलं आणि आसनं रिकामी पाठवली. त्याच इंधनाने सतरा माणसं जिवंत परत आली हे त्या आरोपपत्रात कुठेही नव्हतं.

चौकशी सांताक्रूझच्याच ऑफिसात झाली. मॅनेजर स्वतः बसले होते. त्यांच्यापुढे शाळेत असतो तसा महाराष्ट्राचा नकाशा होता आणि लाकडी फूटपट्टी. ती पट्टी त्यांनी रत्नागिरी आणि कोल्हापूरवर ठेवली आणि विचारलं, "कांबळे, वीस मिनिटांच्या प्रवासाला किती इंधन लागतं?"

"प्रवास वीस मिनिटांचा नाही, साहेब. अडतीस मिनिटांचा आहे."

"टाइमटेबलमध्ये वीस आहे."

कांबळे साहेबांनी मला आदल्या दिवशी बजावलं होतं की तू अजून कायम झालेली नाहीस, गप्प राहायचं. मला साक्षीला बोलावलं होतं ते फक्त लोडशीट ओळखायला. मी ओळखली आणि उभीच राहिले. सांगितलं की चूक माझी आहे, एकोणसाठ हे सागरी मैल आहेत, मी पुढे लिहिलं नाही, आणि साहेबांनी ती चूक त्याच दिवशी लेखी कळवली होती. मॅनेजरनी चष्मा काढून पुसला.

"बाई, तुम्ही कबूल केलंत, चांगलं आहे," ते म्हणाले. "पण टाइमटेबल छापून झालंय."

हे वाक्य मी शब्दशः लिहिलं आहे. एका शिकलेल्या, वयाने मोठ्या माणसाने, समोर नकाशा ठेवून, हे म्हटलं. नकाशावर पट्टी ठेवली होती तर त्यांनी खालचं प्रमाण तरी वाचायचं. तिथेच त्यांना एकशे नऊ किलोमीटर मिळाले असते. त्यांना ते नको होते. त्यांना स्वतःची चूक झाकायला एक माणूस हवा होता, आणि आदेशावर 'सही करणार नाही' असं लिहिणारा माणूस आयता समोर होता. माझी चूक त्यांच्या उपयोगाची नव्हती म्हणून मला साधी ताकीदही मिळाली नाही.

कांबळे साहेबांची बदली रत्नागिरीला झाली. ही शिक्षा नाही, तिथे अनुभवी माणसाची गरज आहे, असं आदेशात होतं. त्यांनी आईच्या आजाराचं सर्टिफिकेट जोडून अर्ज केला, तो नाकारला. त्यांच्या बायकोने शाळेतून अर्ध्या पगाराची रजा घेतली. ते रत्नागिरीला एका खोलीत राहायला गेले, आणि जाताना मला म्हणाले की काटा रोज तपासत जा. मुंबईच्या लोडशीटवर आता दुसरे डिस्पॅचर सही करू लागले होते, पण इंधन कमी करायची छाती त्यांनाही झाली नाही. रत्नागिरीहून उडतानाची लोडशीट कांबळे साहेब करत. तिथेही त्यांनी एक काटा मागवून घेतला होता.

मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, कुर्ल्याहून त्यांच्या शेजारणीचा फोन आला. आई गेली होती. विमान आमच्याकडून नुकतंच रत्नागिरीला निघालं होतं. मी लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा ट्रंक कॉल, लावला आणि साहेबांना सांगितलं. मी म्हटलं, विमान येतंय, त्यानेच कोल्हापूरमार्गे या, तीनपर्यंत सांताक्रूझला उतराल, चारला घरी. मी रिक्षा थांबवून ठेवते. ते म्हणाले, "बघतो." मी कुर्ल्याला कळवलं की मुलगा येतोय, थांबा.

तीनला विमान उतरलं. मी धावत गेले. प्रवासी उतरले, मागून कॅप्टन मेंडोन्सा उतरले, दार बंद झालं.

पुढचं मला कॅप्टननी सांगितलं. रत्नागिरीला ऊन जबरदस्त होतं. सतरा प्रवासी बसलेले, दोन खुर्च्या रिकाम्या. टपालाच्या पिशव्या साहेबांनी आधीच उतरवून ठेवल्या होत्या. तरी मर्यादेत चाळीस किलोचीच जागा उरली होती. कॅप्टन म्हणाले, "कांबळे, बस. माझी जबाबदारी." साहेब काट्याजवळ गेले, त्यावर उभे राहिले, तबकडीकडे बघितलं आणि उतरले. "अठ्ठावीस किलो जास्त होतात, कॅप्टन. सही माझी असते," एवढं बोलून त्यांनी लोडशीट पुढे केली. एखाद्या प्रवाशाला उतरवा असं कॅप्टननी सुचवलं, तर त्यांनी फक्त मान हलवली. दुपारची एसटी निघून गेली होती. ते संध्याकाळच्या गाडीने निघाले.

उन्हाचे दिवस. कुर्ल्याला लोक संध्याकाळी सहापर्यंत थांबले आणि मग त्यांनी आईला नेलं. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. घरी फक्त रिकामी खाट होती.

मला त्यांचाही राग येतो. अठ्ठावीस किलो. त्यांनी बसायला हवं होतं. ज्या कंपनीने त्यांना खोटं ठरवलं तिच्या लोडशीटशी इतकं खरं वागायची काय गरज होती, असं मी त्यांना नंतर विचारलं, तेव्हा ते म्हणाले की लोडशीट कंपनीची नसते, आत बसलेल्यांची असते. माझा राग तरीही गेला नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी नवं टाइमटेबल आलं. रत्नागिरी ते कोल्हापूर, चाळीस मिनिटं. मॅनेजरनी वेळापत्रकाची शास्त्रीय फेररचना केली म्हणून कंपनीच्या पत्रिकेत त्यांचा फोटो आला होता. कांबळे साहेब आणखी दोन वर्षं रत्नागिरीलाच राहिले.

आणि त्या मार्चच्या दुपारी रिक्षावाल्याला परत पाठवून मी आमच्या खोलीत आले, तेव्हा कॅप्टननी दिलेली रत्नागिरीची लोडशीट माझ्या हातात होती. सवयीने मी ती शेवटपर्यंत तपासली. बेरजा बरोबर होत्या, सही होती. मागे ठेवलेल्या प्रवाशांच्या रकान्यात साहेबांच्या अक्षरात एक नोंद होती. नावाची जागा कोरी होती. वजनाच्या जागी लिहिलं होतं: अडुसष्ट किलो.